पोलंडची खुर्ची

जर्मनी, फ्रान्स आणि पोलंड या तीन देशांचे मंत्री एकत्र बसले, असली बातमी आपल्याकडे कुणी वाचत नाही. पेपराच्या आतल्या पानावर, शेअर बाजाराच्या खाली ती बोटभर जागेत येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर मेथी निवडली जाते. मी मात्र वाचते, आणि दरवेळी माझे कान गरम होतात. ज्यांनी मला या तीन देशांचं वेड लावलं त्या भिंगारदिवे सरांची आठवण आली की आधी हसू येतं आणि मग लाज वाटते. कुणाची लाज, हे इतक्या वर्षांत मला नीटसं ठरवता आलेलं नाही. त्यांची, माझ्या घराची, आमच्या कॉलेजची, की एकूणच आपल्या चहा पाजण्याच्या पद्धतीची?

श्रीगोंदा तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात आमचं कॉलेज होतं. सर तिथे राज्यशास्त्राचे विभागप्रमुख. विभाग म्हणजे ते स्वतः आणि तासिका तत्त्वावर मी. घेतलेल्या तासांचे पैसे मिळायचे, सुट्टी लागली की मीही सुट्टी. भिंगारहून नगर, नगरहून पुढची एसटी, असा माझा रोजचा प्रवास. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "पाठक मॅडम, राहायला कुठे?" मी म्हटलं, भिंगारला. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "म्हणजे आडनाव माझ्याकडे आणि गाव तुमच्या ताब्यात. हा सीमाप्रश्न आपण वाटाघाटीने सोडवू." मी घाबरून हो म्हटलं. ते थट्टा करत होते हे कळायला मला आठवडा लागला.

बुटका, सावळा माणूस. कडक इस्त्रीचा बुशशर्ट आणि काळे बूट. त्या फुफाट्यात बूट काळे ठेवणं म्हणजे दळणवाल्याने पांढरं न होणं. पण सरांच्या खिशात त्यासाठी एक वेगळं फडकं असे. वर्गात शिरण्याआधी व्हरांड्याच्या खांबाआड उभे राहून ते बूट पुसत आणि मगच आत जात. बोलणं अगदी छापील. 'आहे'ला 'आहे', 'नाही'ला 'नाही', 'ण'चा 'ण'. स्टाफरूममधली टवाळ मंडळी त्यांना पाठीमागे 'बातम्या' म्हणत. एकदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मात्र ते बायकोला "अगं, च्या टाक की, लई लांबून आल्यात मॅडम" असं म्हणाले आणि माझ्याकडे पाहून चोरी पकडल्यासारखे हसले. घरची भाषा ते कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून येत. का, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. सर बौद्ध होते, त्यांचे वडील साखर कारखान्यावर हमाल, आणि आमची संस्था कुणाची हे तालुक्यात शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

एक्याण्णव साली वायमार नावाच्या जर्मन गावात हे तीन देश पहिल्यांदा असे बसले. सरांनी ती बातमी रेडिओवर खरखरीतून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात अशी सांगितली की त्यांच्या घरचंच कार्य ठरलंय. कॉलेजच्या नकाशात तेव्हा अजून दोन जर्मन्या होत्या. सरांनी मधली रेघ स्वतः खडूने पुसून काढायचा प्रयत्न केला आणि नकाशा खराब केला म्हणून प्राचार्यांची बोलणी खाल्ली.

पुढे दरवर्षी ते एक तास वेगळाच घेत. व्यासपीठावर तीन खुर्च्या मांडायच्या, तीन पोरं बसवायची. एक जर्मनी, एक फ्रान्स, एक पोलंड. नियम एकच. आपलं गाऱ्हाणं शेवटी. आधी समोरच्याचं गाऱ्हाणं त्याला पटेल अशा शब्दांत आपण मांडायचं. त्याने मान डोलावली की मग पुढे.

एका वर्षी काष्टीकडचा एक धिप्पाड पोरगा जर्मनी झाला होता. त्याने पोलंडकडे पाहून बराच विचार केला आणि म्हणाला, "म्हंजी सर, आमी ह्यांचा बांध कोरला."

"बांध?" सर उडालेच. "अरे, बांध नाही कोरला, अख्खं रान ताब्यात घेतलं, वस्ती पेटवली, माणसं मारली. नीट सांग."

पोरगा गोरामोरा झाला. "लई वाईट केलं आमी," तो पोलंडला म्हणाला. पोलंड झालेल्या किरकोळ पोराने मान डोलावली.

मग फ्रान्स उठला. त्याच्या वडिलांचे कारखान्यात शेअर्स होते. "सर, तिकडं बीटाची साखर करत्यात म्हनला तुमी. पोलंड आत आला तर आमच्या साखरंचा भाव पडंल की! त्यापरीस झोनबंदी करा."

सगळे हसले. उसाच्या झोनबंदीवरून त्या वेळी तालुका पेटलेला होता. दुसऱ्या कारखान्याला ऊस न्यायचा नाही म्हणजे नाही. सर मात्र खूश झाले. "बघा, हा खरा फ्रान्स. भीती लपवली नाही त्याने. तिथल्या शेतकऱ्याला अगदी हीच भीती आहे. म्हणून तर तिघांनी आधी बसायचं. शेतीचं काय, साखरेचं काय, सीमेवरच्या फाटकाचं काय, हे आपसात बोलायचं आणि मग सगळ्या युरोपच्या बैठकीत जायचं."

"पन सर," पोलंडने विचारलं, "मी तर अजून त्या युरोपच्या संघाचा सभासदच न्हाई. मला खुर्ची कशी काय?"

या प्रश्नाची सर वर्षभर वाट पाहत असावेत. ते त्या पोराच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले. "हीच तर गोष्ट आहे. सभासद झाल्यावर कुणीही खुर्ची देतो. व्हायच्या आधी दिली, त्याला महत्त्व आहे. पंगतीला कुणीही बोलावील रे. खलबताला कोण बोलावतो ते बघावं."

"आता ते भाऊबंद झाले म्हना की," मागून कुणीतरी बोललं.

"छे! भाऊबंद असते तर अजून कोर्टात असते."

त्यांचा हा खलबताचा मुद्दा युरोपपुरता नव्हता, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळत होतं आणि सगळे न कळल्यासारखं करत. आमच्याकडची रीत अशी की बैठकीत काही ठरत नाही. ठरतं ते आदल्या रविवारी, संस्थेच्या अध्यक्षांच्या मळ्यात. त्यांना सगळे दादा म्हणत. "दादांकडे चहाला बोलावलंय" असा निरोप जीप घेऊन यायचा. प्राचार्य जायचे, एकदोन ज्येष्ठ प्राध्यापक जायचे. सोमवारी कॉलेजात रीतसर बैठक व्हायची, इतिवृत्त आधीच लिहिलेलं असायचं, आणि सगळे सह्या करून बटाटेवडे खायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट चहाला न बोलावता एखादी गोष्ट थेट बैठकीत काढली तर तो माणूस अडाणी ठरे.

सरांना चहाला कधीच बोलावणं आलं नव्हतं. चौदा एप्रिलला त्यांना व्यासपीठावर मधोमध बसवत, हार घालत, दादा स्वतः त्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवत. त्यांच्याहून ज्युनिअर माणसं मात्र मळ्यातून जाऊन येत आणि सोमवारी त्यांना सांगत, "सर, इथे सही." सर सही करत आणि पेनचं टोपण लावता लावता म्हणत, "मी या संस्थेचा पोलंड." आम्ही हसायचो. ते हसत नसत.

माझ्यावर त्यांचा जीव होता. माझे अण्णा भिंगारला लष्करी कचेरीत कारकून होते, ते निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं आणि आम्ही बाजारातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत आलो. घरात मिळवती मी एकटी. विभागात पूर्ण वेळ जागा मंजूर होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा सरांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, ही जागा तुमची. इतकी वर्षं तुम्ही पोरांना शिकवलंय. विभागप्रमुखाच्या सहीशिवाय नेमणूक होत नाही, आणि मी आडवा पडेन." असं बोलायची त्यांना सवय नव्हती. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आईने देवापुढे साखर ठेवली.

जाहिरात निघाली. मुलाखतीची तारीख लागली. आणि त्याच आठवड्यात जीप आली.

दादांचा ड्रायव्हर स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "भिंगारदिवे सर हायेत का? दादांनी रविवारी च्याला बोलावलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "येतो म्हणावं," एवढंच म्हणाले. ड्रायव्हर गेल्यावर मात्र माझ्याकडे आले, आणि तो प्रौढ माणूस अक्षरशः पहिलीतल्या पोरासारखा दिसत होता. "मॅडम, पोलंडला बोलावणं आलं!" ते दबक्या आवाजात म्हणाले. मीही वेडी. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. मुलाखत माझ्या विषयातली, बोलावणं माझ्या सरांना. त्यांनी मला माझे किती तास झाले, निकाल काय लागले, सगळं पुन्हा विचारून घेतलं. नवीन बुशशर्ट शिवायला टाकायला ते त्याच संध्याकाळी श्रीगोंद्याला गेले.

सोमवारी मुलाखतीला मी आत गेले तेव्हा टेबलामागे दादा, प्राचार्य, बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ आणि शेवटी सर बसले होते. नवा बुशशर्ट घातलेला. तज्ज्ञांनी काहीबाही विचारलं. मी उत्तरं दिली, चांगली दिली. मग प्राचार्य म्हणाले, "भिंगारदिवे सर, तुम्ही विचारा." ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीत तीन प्रश्न असत, तो टेबलाकडे पाहत म्हणाला, "माझे प्रश्न नाहीत."

मला तिथेच कळलं. जागा दादांच्या मेहुण्याच्या सुनेला मिळाली. तिने कधी कुठे शिकवलेलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला गेले नाही. सुप्याच्या एका शाळेत रजेच्या जागेवर काम मिळालं ते धरलं.

पंधरवड्यानंतर एका रविवारी दुपारी आमच्या दारात सर उभे. भिंगारच्या बाजारात पत्ता विचारत आले होते, घामाने निथळत होते. हातात काही नव्हतं. आपल्याकडे कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना माणूस निदान केळी तरी घेतो. माझी नजर हाताकडे गेलेली त्यांना दिसली असावी. "मुद्दाम काही आणलं नाही मॅडम," ते म्हणाले. "आणलं असतं तर भरपाई केल्यासारखं झालं असतं."

मी त्यांना बसायला सांगितलं. अण्णा आतून बाहेर आले. सर कोण हे मी सांगितलं. अण्णांना त्यांचं आडनाव कळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार, उदार भाव आला. तो भाव मला आजही दिसतो.

"या, या. मनात काही ठेवू नका सर," अण्णा म्हणाले. "जागा राखीवमध्ये गेली असणार, त्याला तुम्ही तरी काय करणार? चालायचंच. आता दिवस तुमच्या लोकांचे आहेत."

जागा कुणाला गेली हे मी घरी सांगितलं होतं की नाही, मला आठवेना. सांगितलं असलं तरी अण्णांनी स्वतःला सोयीचं तेच ऐकलं होतं. सर उभे राहिले. वडीलधाऱ्या माणसासमोर उभं राहून बोलावं तसे.

"नाही काका," ते म्हणाले. "जागा खुली होती. ती दादांच्या नात्यात गेली. आणि त्या कागदावर माझी सही आहे."

अण्णांनी मान फिरवली. खिडकीकडे बघत बसले. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. पाहुण्यांसाठीचे, फुलं काढलेले कप होते. सरांच्या पुढ्यात कप ठेवला. सर त्याच्याकडे पाहत राहिले, हात लावेनात. आईला वाटायचं तेच वाटलं.

"घ्या ना," आई म्हणाली. "आमच्याकडे तसलं काही नाही हो."

त्या क्षणी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई वाईट बाई नव्हती. तिच्या मते ती चांगुलपणाच करत होती, म्हणून तर जास्त लाज वाटत होती. सरांनी आईकडे पाहिलं, आणि ते हसले. मग त्यांचं ते छापील बोलणं कुठेतरी गळून पडलं आणि आमच्या घरात मी त्यांची खरी भाषा पहिल्यांदा सलग ऐकली.

"न्हाई काकू, तुमचं काय चुकलं न्हाई. कपानंच घात केलाय माझा. मॅडम, ऐका. मी मळ्यात गेल्तो. दादांनी शेजारी बसवलं. मी मनात म्हनलं, आता ह्यो विषय काढला की उठायचंच, मॅडमचं सगळं सांगायचं. पाठ करून गेल्तो. तेवढ्यात च्या आला. सगळ्यांला सोनेरी काठाचं कप. मी बघत हुतो, मला कसला येतोय. मला बी त्योच आला. दादांनी सवताच्या हातानं पुढं केला. म्हनलं, घ्या सर. माझा बाप हमालीला लागायच्या आधी त्याच मळ्यात उसाला पानी धरायचा, आन त्याला करवंटीत च्या मिळायचा. मला बाप आठवला. डोळं भरून आलं. लई बरं वाटलं मॅडम, लई. आन त्याच टायमाला दादा म्हनले, आपल्या घरचीच पोरगी हाय, काय सर, चालंल ना? मी म्हनलं, व्हय."



"व्हय म्हनलो," सर पुन्हा म्हणाले. "कपातला च्या सुदिक संपला नव्हता. हितं जन्मभर पोरांना सांगितलं, पंगत येगळी आन खलबत येगळं. मला ठरवायला बोलावलं हुतं, आन मी पाव्हना म्हनून गेलो. पाव्हना भांडतो व्हय कधी?"

मग त्यांनी आईने दिलेला, आता निवलेला कप उचलला आणि एका दमात संपवला. खाली ठेवून "चांगला झालाय काकू" असंही म्हणाले. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला निघाले. खरं तर जायचं नव्हतं. पण आलेल्या माणसाला दारातूनच निरोप द्यायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि घरात अण्णांसमोर बसण्यापेक्षा ते बरं होतं. बाजार बंद होता. सर माझ्या पुढे न मागे, नेमके शेजारी चालत होते आणि पुन्हा छापील बोलायला लागले होते.

"काल पुन्हा जीप आली होती," ते म्हणाले. "ग्रंथपालाची जागा भरायची आहे. मी गेलो नाही."

"बरं केलंत."

"नाही मॅडम. न जाणं सोपं असतं. मी इतकी वर्षं गेलो नव्हतोच की. जाऊन नाही म्हणणं अवघड." थोडं चालल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी जाईन. चहा घरून पिऊन जाईन."

मला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. स्टॉपवर आम्ही बराच वेळ उभे होतो. मी मनात बोलायची खूप वाक्यं जुळवली. तुम्ही शब्द दिला होता. आईने साखर ठेवली होती. तुम्हाला एक 'नाही' म्हणता आलं नाही. त्यातलं एकही तोंडातून निघेना, कारण ते सगळं हा माणूस स्वतःला आधीच म्हणून बसला होता.

"मला एवढ्यात माफ करू नका," सर म्हणाले. "तेवढं मागायला आलो होतो."

"करत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. गाडी आली. सर मागच्या दाराने चढले. रविवारची दुपार, गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टरने त्यांना हाताने बाक दाखवला. सर वरचा दांडा धरून उभेच राहिले. कंडक्टरने पुन्हा दाखवला, काहीतरी बोललाही असावा. सरांनी मान हलवली. गाडी वळेपर्यंत मला त्यांचा तो वर केलेला हात आणि नव्या बुशशर्टाची पाठ दिसत होती. नगरला गाडी बदलून पुढे श्रीगोंद्यापर्यंतही ते असेच उभ्याने जाणार हे मला कळलं. क्षणभर मला फार बरं वाटलं. आणि मग आपल्याला बरं वाटलं याची एवढी लाज वाटली की दुसऱ्या दोन गाड्या येऊन गेल्या तरी मी घराकडे वळले नाही.